मापांच्या वहीतली भूमिती

एक मुलगी शिकली की सगळं कुटुंब शिकतं. दर्यापूरच्या ज्या शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं, तिच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी, कोणी पाहुणा येणार असला की, त्यावर नवा हात फिरायचा. त्याच भिंतीच्या मागे मुलींचं स्वच्छतागृह होतं आणि त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. कडीसाठी मी अकरा अर्ज केले. तेवढ्या काळात वाक्य पाच वेळा रंगवून झालं.

तेव्हापासून मुलींच्या शिक्षणावर कोणी गंभीर आवाजात बोलू लागलं की मला आधी कडी आठवते. हा माझा दोष असेल. पण त्यामुळेच आपाचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हटलं, हे कबूल केलं पाहिजे.

आपा म्हणजे अकोल्याच्या एका उर्दू शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमची ओळख दहावीच्या पेपर तपासणीतली. दर वर्षी उन्हाळ्यात अमरावतीला आम्ही एकाच खोलीत बसायचो. ती बीजगणिताचे गठ्ठे तपासायची, मी भूमितीचे. दुपारी तिच्या डब्यातलं मला आणि माझ्या डब्यातलं तिला. वीस वर्षं असं चाललं. नात्याला याहून जास्त काही लागत नाही.

"बाई, एक पोरगी हाय," ती फोनवर म्हणाली. "बीजगणित मी शिकवून राह्यली. भूमिती तुमी घ्या."

"तुम्हीच घ्या की."

"मले भूमिती कधी जमली, तं आता जमन?"

छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईचं हे वाक्य मी नंतर अनेकांना सांगितलं.

"कुठली आहे मुलगी? अकोल्याची?"

"थोडी दूर हाय."

"मूर्तिजापूर?"

"अफगाणिस्तान."

मी म्हटलं, आपा, माझे गुडघे दुखतात आणि मला हे असले जगाचे उद्धार जमत नाहीत. ती म्हणाली, गुडघ्यानं शिकवा असं कोन म्हनते? आणि फोन ठेवला. संध्याकाळी मुलीचा आवाजी संदेश आला.

ही साखळी अशी होती: आपाचा भाचा आखातात नोकरीला, त्याच्या खोलीत राहणारा सोबती अफगाण, आणि ही त्या सोबत्याची धाकटी बहीण. तिचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. तिने अट घातली की नाव नको, गाव नको, पण गणित बरोबर छापा.

युद्ध सुरू होतं तोवर तिची शाळाही सुरू होती. एकदा शाळेची एक भिंत पडली तर वर्ग तंबूत भरला. दोनदा परीक्षा पुढे ढकलली, पण झाली. मग युद्ध संपलं आणि सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. ती तेव्हा नववीत होती. शांतता म्हणजे काय यावर मी आजवर पुष्कळ निबंध तपासले आहेत. हा मुद्दा कुणाच्या निबंधात आला नव्हता.

आता तिच्यासमोर एक दार होतं. घरी बसून मोबाइलवर पदवी करता येईल अशी एक परदेशी संस्था होती आणि युद्धग्रस्त देशांतल्या मुलींसाठी तिथे थोड्या जागा होत्या. त्यासाठी गणिताची तोंडी परीक्षा, इंग्रजीतून. तीही फक्त आवाजावर, कारण अशा मुलींकडे चित्र दिसण्याइतकं नेट नसतं, हे त्या संस्थेला कळलं होतं. परीक्षा एकदाच देता येणार. वडिलांनी तिला सरळ सांगितलं होतं: लागली तर शीक, मी कोणाचं ऐकणार नाही. नाही लागली तर फोन माझ्याकडे दे आणि मामीबरोबर गालिचे विणायला बस. हातात साडेसात महिने होते आणि भूमितीची सुरुवात व्हायची होती.

तिचा पहिला संदेश हिंदीत होता. आपा तिच्याशी उर्दूत बोलायची आणि ती आपाशी हिंदीत, कारण तिची भाषा लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या आपल्याकडच्या सासू-सुनांच्या मालिकांमधून आली होती. "उस्ताद जी, मैं आपकी आभारी हूँ," ती म्हणाली. पुढे आठवडाभरात एका प्रमेयावर अडली तेव्हा तिने कळवलं, "यह सवाल मेरे ख़िलाफ़ एक षड्यंत्र है." आपाने मला फोन करून विचारलं, बाई, षड्यंत्र म्हंजे काय वं? उत्तर चुकलं की ती "नहीं" तीनदा म्हणायची, प्रत्येक वेळी थोड्या वरच्या पट्टीत. मालिकेत तेवढ्यात कॅमेरा तीन चेहऱ्यांवर फिरतो. इथे फक्त मी होते.

*

आवाजावर भूमिती शिकवायची म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. मी समांतर रेषांचा धडा घेतला, चांगला सात मिनिटांचा, आणि पाठवायच्या आधी एकदा ऐकला. त्यात मी हिंदीत जे म्हणत होते ते मराठीत असं: "ही रेषा आणि ही रेषा समांतर आहे, हिला ही छेदते, म्हणून हा कोन आणि हा कोन सारखा, आणि हा तर याच्याइतका आहेच, म्हणून हे हे सारखं."

तेहतीस वर्षं मी भूमिती सर्वनामांवर शिकवली होती. खडू फळ्यावर टेकवायचा आणि "हे" म्हणायचं. मुली माना डोलवायच्या. मला उत्तम शिक्षिका म्हणायचे, तालुक्याचा पुरस्कारही मिळाला होता. आता खडू काढून घेतल्यावर माझ्याजवळ फारसं काही शिल्लक नव्हतं.

आमचे हे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. बडनेऱ्याच्या आसपासच्या लहान-मोठ्या स्टेशनांवर, चांदूर रेल्वेलाही, त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्र वाचतात आणि गाड्या उशिरा का धावतात याची कारणं कोणी न विचारता सांगतात. मी तो संदेश तिसऱ्यांदा ऐकत होते तेव्हा ते आतून ओरडले, "अवं, कोनती रेषा? कोनती? असा मेसेज मी दिला असता तं दोन गाड्या समोरासमोर आल्या असत्या."

"मग तुम्हीच सांगा कसं सांगायचं."

ते कागद-पेन्सिल घेऊन माझ्याकडे पाठ करून बसले. "सांग. मी पाहत नाही."

त्यानंतर साडेसात महिने आमच्या घरात सकाळी हेच चाललं. मी आधी यांना सांगायची. हे पाठ करून आकृती काढायचे. आकृती बरोबर आली तरच तो संदेश पुढे जायचा. हा माणूस भूमितीत दहावीला काठावर पास झालेला. पहिल्या महिन्यात त्यांचे त्रिकोण कागदाबाहेर जात. त्यांना राग यायचा नाही, मला यायचा. "काहून चिडतं? मी बरोब्बर तू सांगितलं तेच काढलं," ते म्हणायचे, आणि कागद पाहिला की खरंच मी सांगितलेलंच असायचं.

त्यांनी दुसरा नियम आणला तो परत म्हणण्याचा. स्टेशनवरून स्टेशनला फोनवर जो निरोप जातो, तो घेणाऱ्याने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा असतो. तो जुळल्याशिवाय कोणी सिग्नलचा खटका ओढत नाही. मुलीने तसंच करावं असं त्यांनी ठरवलं. आधी गणित पूर्ण परत म्हण, काय दिलं आणि काय दिलं नाही ते वेगळं सांग, मग सोडव. मला हा वेळेचा अपव्यय वाटला. मुलीला मात्र आवडला. दुसऱ्याच दिवशी तिचा संदेश आला: "दिया हुआ: त्रिकोण, दो भुजा समान. नहीं दिया हुआ: कोण. अब मैं गाड़ी छोड़ती हूँ, काका."

काका हा शब्द तिच्या भाषेतही आहे आणि अर्थही तोच आहे. यांना तिने पहिल्या आठवड्यातच काका केलं. मी शेवटपर्यंत उस्ताद जीच राहिले.

*

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी वर्तुळाच्या जीवांवरचा धडा पाठवला आणि उत्तरात एका पुरुषाचा आवाज आला. त्यांच्या भाषेत एकच छोटं वाक्य. आपाला पाठवलं, तिने भाच्याकडून अर्थ काढून घेतला. "ही बाई कोण आहे?" असं तो विचारत होता.

त्यांच्या घरी फोन एकच होता आणि त्या दिवशी कोणी दूरचा नातेवाईक मुक्कामाला होता. आम्हाला हे अकरा दिवसांनी कळलं. त्या अकरा दिवसांत तिकडून काही आलं नाही आणि आम्ही काही पाठवलं नाही. यांनी रोज सकाळी कागद-पेन्सिल टेबलावर ठेवली आणि रोज दुपारी उचलली. आपा दिवसातून दोनदा फोन करायची आणि काही आलं का विचारायची. शेवटी एकदा म्हणाली, "आपन त्या पोरीचं भलं करून राह्यलो की बुरं, बाई?"

त्या दिवसांत मला दर्यापूरचा वर्ग फार आठवला. दर वर्षी नववीत पन्नास-पंचावन्न मुली असायच्या आणि दहावीला चाळीस. उरलेल्यांचं काय झालं हे आम्हाला माहीत असायचं आणि हजेरीपुस्तकात आम्ही नावापुढे लाल रेघ मारायचो. तिथे युद्ध नव्हतं, कोणी शाळा बंद केली नव्हती. तिथे मामाचा मुलगा होता, नाहीतर पाच किलोमीटरवरची जीप होती, ज्यात सोळा माणसं कोंबलेली असायची आणि आई म्हणायची, राहू दे आता. मी त्यांच्यासाठी साडेसात मिनिटंही काढली नव्हती. हे लिहिल्याने काही दुरुस्त होत नाही. तरी लिहून ठेवते.

बाराव्या दिवशी मुलीचा भाऊ आखातातून बोलला: नातेवाईक गेला, कोणाला काही कळलं नाही, आई म्हणते शिकवणी सुरू करा. पण फोन कोणाच्या हातात आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न ऐकून आमचे हे ज्या तऱ्हेने खुर्चीत सरळ बसले, तसे ते निवृत्तीच्या निरोप समारंभातही बसले नव्हते.

"प्रायव्हेट नंबर," ते म्हणाले.

स्टेशन मास्तरजवळ दोन आकडी संख्यांचा एक तक्ता असतो. कोणत्याही क्रमाने लिहिलेल्या संख्या: सदतीस, बारा, एक्याण्णव. गाडी घ्यायला तयार आहे असं पलीकडच्या स्टेशनला सांगताना त्यातली पुढची संख्या द्यायची आणि ती खोडायची. निरोप खरा आणि खऱ्या माणसाचा, याची तीच खूण. तक्ता कुलपात. बायकोलाही दाखवायचा नाही. हे मी सांगू शकते.

यांनी स्वतः साठ संख्यांचा तक्ता केला आणि एका निवांत दुपारी, आई दारात बसलेली असताना, मुलीला फोनवर सांगितला. तिने तो परत म्हटला. लिहून कुठे ठेवणार, हा प्रश्न होता. तो तिच्या आईने सोडवला. आई शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवते. तिच्याकडे मापांची वही होती आणि वहीत पानोपान दोन आकडी संख्या होत्या: छाती, कंबर, बाही, उंची. त्यात आणखी एका जाड बाईची मापं वाढली. पुढे मुलीने भूमितीही त्याच वहीत उतरवली. सदऱ्याच्या गळ्याच्या आकृतीशेजारी वर्तुळाचा कंस कोणालाच खटकत नाही. आपा म्हणाली, "या बाईले आपन शिकवून राह्यलो काय, की ही आपल्याले?" तिचा रोख आईकडे होता. आई कधीच शाळेत गेली नव्हती.

त्यानंतर प्रत्येक संदेश संख्येने सुरू व्हायचा; साठ संपल्या की नवा तक्ता. "सैंतीस. उस्ताद जी, कल का तीसरा सवाल..." हे तक्त्यावर बोट ठेवून म्हणायचे, "बरोबर. बोल आता." रेकॉर्ड झालेल्या आवाजाला बोलायची परवानगी देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

*

परीक्षेच्या दिवशी आपा सकाळच्या गाडीने अकोल्याहून आली. डब्यात खिमा आणि माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी होती. कोणी जेवलं नाही. परीक्षा आपल्या घड्याळाने बाराला होती आणि वीस मिनिटांची होती. साडेबारा झाले. एक वाजला. हे फलाटावर फिरतात तसे गॅलरीत फिरत होते. आपा तसबीहचे मणी ओढत होती आणि मधून मधून म्हणत होती, "गेली वाटते. भूमितीतच गेली असन."

"बीजगणितातही जाऊ शकते," मी म्हटलं.

"बीजगणितात नाही जात."

आयुष्यात आमचं पहिलं भांडण तिथे व्हायचं, पण एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. चार मिनिटांचा संदेश. "इकसठ," ती म्हणाली, आणि यांनी तो तिथेच थांबवून चष्मा शोधायला सुरुवात केली.

"अहो, तिचा आवाज ओळखू येतो!"

"आवाज कोनाचाही ओळखू येते. नंबर पाहू दे."

चष्मा डोक्यावर सापडला. एकसष्ट जुळला. "बरोबर. बोल आता."

ती सांगत होती ते असं. पहिले पाच प्रश्न नीट गेले. मग परीक्षकाने भूमितीचा प्रश्न वाचला: एका त्रिकोणाच्या दोन बाजू सात आणि नऊ, तिसरी काढा. बोला. तिने सवयीने प्रश्न परत म्हटला. दिलेलं: बाजू सात, बाजू नऊ. न दिलेलं: त्यांच्यामधला कोन. आणि ती थांबली. परीक्षक म्हणाला, वेळ चालू आहे. ती म्हणाली, सर, कोन दिलेला नाही. तो म्हणाला, प्रश्न तुम्हाला वाचून दाखवलाय, उत्तर येत नसेल तर पुढे जाऊ.

इथे आपाने माझा हात धरला.

त्या मुलीच्या जागी मी असते तर पुढे गेले असते. माझ्या वर्गातली कोणतीही मुलगी पुढे गेली असती, नव्हे, घाबरून काहीतरी उत्तर दिलं असतं. परीक्षक चुकत नाही, हेच तर आम्ही तेहतीस वर्षं शिकवलं. हिने त्याला इंग्रजीत सांगितलं, आणि आम्हाला तिच्या हिंदीत: "सर, इतनी जानकारी पर मैं गाड़ी नहीं छोड़ सकती. कृपया आप सवाल दोबारा पढ़िए."

त्याला गाडीचं काय कळलं असेल देव जाणे. दुसरी परीक्षक एक बाई होती. ती काहीतरी हळू बोलली. कागदाचा आवाज आला. मग तो म्हणाला, माफ करा, माझ्याकडून एक ओळ सुटली. कोन साठ अंशांचा आहे.

"फिर तो आसान था," ती म्हणाली. "उनचास और इक्यासी, एक सौ तीस. उसमें से तिरसठ गए. सड़सठ. उसका वर्गमूल."

मी टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला करून पाहिलं. सदुसष्टचं वर्गमूळ. बरोबर.

यांनी तक्त्यावरचा एकसष्ट खोडला, व्यवस्थित, पट्टी लावून. मग म्हणाले, "जेवाले वाढ वं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं आपाचं म्हणणं आहे. ते म्हणतात, खिमा तिखट होता. खिमा तेव्हा उघडलाही नव्हता.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. तिने नंबर दिला, आणि मग तिच्या मालिकेच्या पद्धतीने, प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत: "हो गया! हो गया! हो गया!" मागे एक बाई रडत होती आणि एक माणूस हसत होता. तो माणूस म्हणजे तिचे वडील. त्यांनी फोन घेतला आणि आमच्याशी दोन मिनिटं त्यांच्या भाषेत बोलले. आम्हाला एक शब्द कळला नाही. यांनी ते सगळं उभं राहून ऐकलं.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. पूल बांधायचं शिकायचंय, त्याआधी दोन वर्षं नुसतं गणित आहे. आईच्या मापांच्या बहाण्याने शेजारच्या सहा मुली दुपारी घरी येतात आणि ती त्यांना नववीची भूमिती शिकवते. तिने यांच्याकडून साठ संख्यांचे आणखी सहा तक्ते मागून घेतले. आपा बीजगणिताचे संदेश त्या सहा जणींसाठी नव्याने करते आहे. तिला वाटतं, सहातल्या दोघी फार हुशार आहेत. मला वाटतं चौघी.

*

यानंतर जे झालं त्याचा दोष यांचा. चाळीस वर्षं प्रायव्हेट नंबर बायकोपासून लपवणारा माणूस चहाच्या टपरीवर बोलून बसला. तिथून ते आमच्या जुन्या संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत दीड दिवसात पोचलं. अध्यक्ष पेढे घेऊन घरी आले.

"मॅडम, तुमी तं आंतरराष्ट्रीय होऊन गेल्या! सत्कार ठेवून राह्यलो आपन. शाल, श्रीफळ. चौकात मोठा फ्लेक्स. पोरीचा फोटो पाठवा, फ्लेक्सवाल्याले आजच द्या लागते."

मी म्हटलं, फोटो नाही. नावही नाही.

"काहून?"

मी कारण सांगितलं. नाव उघड झालं तर तिच्या दाराशी माणसं येतील, आणि पेढे घेऊन येणार नाहीत. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं.

"पन मॅडम, ते लोक काय दर्यापूरले येऊन आपला फ्लेक्स वाचनार हायेत काय?"

"कोणीतरी त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकेल."

"टाकलाच पाह्यजे ना! त्याच्यासाठीच तं लावतो."

मी उठून उभी राहिले. मी त्यांना सांगितलं की तिचं नाव, गाव, फोटो यांपैकी काहीही कुठे दिसलं, तर मी सत्काराला येईन आणि माइक हातात मिळाला की कडीच्या अकरा अर्जांच्या तारखा वाचून दाखवीन. मी तारखा खरंच वाचेन याबद्दल त्यांना शंका नव्हती; त्यांनी माझ्याबरोबर सतरा वर्षं काढली होती.

"बरं. पोरगी नको," ते म्हणाले. "पन फ्लेक्सचं डिझाइन तं होऊन गेलं आहे."

सत्कार झाला नाही. फ्लेक्स मात्र लागला. वीस फूट लांब होता. वर 'हार्दिक अभिनंदन' असं लिहिलेलं होतं, खाली अध्यक्ष आणि तालुक्यातले चौदा मान्यवर हात जोडून उभे होते. अभिनंदन कोणाचं, कशाबद्दल, हे कुठेच नव्हतं. तो चौकात सव्वा महिना होता आणि एवढ्या काळात ते कोणीही विचारलं नाही. पुढे शाळेच्या शिपायाने तो उतरवून शेतावर नेला आणि ऐन पावसात सोयाबीनच्या ढिगावर टाकला, मान्यवर आत आणि पांढरी बाजू वर. सोयाबीन कोरडं राहिलं.